मुलांना गाणं शिकवणं कमीपणाचं मानलं जायचं, तेव्हा पलुस्करांनी मुलांसाठी गाण्याची पुस्तकं लिहिली

भिवंडी असो, सांगली असो की नागपूर. संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जाणारी मुलं कुठेही दिसतात. कुणी ‘प्रारंभिक’ देतंय, कुणी ‘प्रवेशिका’. निकाल लागला की सर्टिफिकेटचा फोटो आईच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी पोरगं गाणं शिकतंय हे पांढरपेशी घरं अभिमानाने सांगत नव्हती. गाणं म्हणजे दरबार, नाहीतर कोठा. मुलीने शिकण्याचा तर प्रश्नच नव्हता.

हे चित्र ज्यांनी बदललं त्यातलं मोठं नाव म्हणजे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर.

१८ ऑगस्ट १८७२ ला कुरुंदवाडमध्ये त्यांचा जन्म झाला. घराण्याचं मूळ गाव पलूस, म्हणून पलुस्कर. वडील कीर्तनकार होते, त्यामुळे गाणं कानावर होतंच. पण लहानपणी चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि दृष्टी कायमची अधू झाली. शाळा सुटली.

मग मिरज संस्थानच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला लागले. बुवा म्हणजे ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारा माणूस. पलुस्करांनी त्यांच्याकडे अनेक वर्षं तालीम घेतली.

याच काळातला एक किस्सा सांगितला जातो. गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण पलुस्करांना आलं, पण त्यांच्या गुरूंना नाही. कारण काय, तर ते गवई. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

राजाश्रयावर जगायचं नाही हे ठरलं होतं. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. शास्त्रीय गाण्यासाठी तेव्हा ही नवलाची गोष्ट होती. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे, तो श्रोता.

फिरत फिरत ते लाहोरला पोचले. तिथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं.

संगीताची शाळा हा प्रकार अगदीच नवा नव्हता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबख्श यांनी १८८६ मध्येच गायनशाळा काढली होती. पलुस्करांचा फरक हा की त्यांची शाळा मैफिलींच्या पैशांवर आणि लोकांच्या देणग्यांवर चालायची. म्हणजे रात्री गायचं आणि त्या कमाईवर दिवसा शिकवायचं.

आता अडचण होती ती शिकवायचं काय याची.

बंदिशींमध्ये प्रियकर, सवत, रात्रीची भेट असले विषय भरपूर. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे शिकवलं तर आईबाप दुसऱ्या दिवशी त्याला काढून नेणार. म्हणून पलुस्करांनी राग तेच ठेवले आणि शब्द बदलले. शृंगाराच्या जागी भक्ती आली.

दुसरी अडचण लिखाणाची. गाणं गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जायचं, वहीत नाही. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’ अशी पुस्तकं काढली. आधी सोपं, मग अवघड, असं पायरीपायरीने शिकवणारी. पुस्तकं छापायला छापखानाही स्वतःचाच.

ही स्वरलिपी किचकट होती. पुढे भातखंड्यांची सोपी पद्धत जास्त पसरली.

त्यांच्यावर आणखी एक मोठी टीका होते. गाणं ‘घरंदाज’ करण्याच्या या प्रयत्नात, ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं त्या गायिका आणि मुस्लिम उस्ताद बाजूला पडले, असं अभ्यासक म्हणतात. खुद्द पलुस्करांची ग्वाल्हेर गायकी हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्या परंपरेतली होती. त्यामुळे ही टीका झटकून टाकता येत नाही.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय काढलं. कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फिटलं नाही आणि इमारत लिलावात गेली. शेवटची वर्षं त्यांनी नाशिकच्या आश्रमात रामनामात काढली. दांडीयात्रेत गायलेल्या प्रसिद्ध रामधुनीची चालही त्यांच्याच नावाशी जोडली जाते.

घरातलं दुःख तर याहून मोठं. त्यांना बारा अपत्यं झाली, त्यातली अकरा लहानपणीच गेली. दुसऱ्यांच्या मुलांसाठी पुस्तकं लिहिणाऱ्या या माणसाच्या घरात एकच मूल वाचलं, दत्तात्रेय.

२१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत पलुस्कर गेले तेव्हा दत्तात्रेय जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याला गाणं कोण शिकवणार?

इथे पलुस्करांची खरी कमाई कामी आली. त्यांनी नुसते गवई नाही, गाणं शिकवणारे शिक्षक घडवले होते. ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे सगळे त्यांचेच शिष्य. त्यातल्या पटवर्धन आणि व्यास यांनी गुरूच्या मुलाला तयार केलं. तोच पुढे पंडित डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला. १९५२ च्या ‘बैजू बावरा’मध्ये उस्ताद अमीर खाँसोबतच्या जुगलबंदीत जो दुसरा आवाज ऐकू येतो, तो त्याचा.

गुरू गेले त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिकेपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा हेच मंडळ घेतं.

इमारत लिलावात गेली, पण परीक्षेचा फॉर्म दरवर्षी कुणीतरी भरतंच.