प्रकाशाच्या पाठीमागे धावणारा मुलगा

आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे नाव शाळेतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण त्यांनी नेमके काय शोधून काढले असे विचारले, की थोरामोठ्यांचीही जीभ अडखळते.

जर्मनीतल्या उल्म गावी १४ मार्च १८७९ रोजी एका यहुदी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील आणि काका यांचा पुढे म्युनिकमध्ये विजेच्या यंत्रांचा कारखाना होता. घरात कोशेर पाळले जात नसे. आल्बर्ट मात्र लहानपणी काही काळ स्वतःहून धर्माचे नियम पाळू लागला होता. चार-पाच वर्षांचा असताना आजारपणात वडिलांनी त्याला होकायंत्र दाखवले. डबी कशीही फिरवली तरी आतली सुई हट्टाने एकाच दिशेला वळते, हे त्याच्या मनात कायमचे घर करून राहिले.

वडिलांचा धंदा बसला, कुटुंब इटलीला गेले, मुलाने जर्मनीतली शाळा अर्धवट सोडली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये आराऊच्या शाळेत शिकताना, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला एक प्रश्न पडला. प्रकाशाच्या किरणामागे प्रकाशाच्याच वेगाने धावलो तर काय दिसेल? शेजारून त्याच वेगाने जाणारी आगगाडी जशी आपल्याला थांबलेली वाटते, तशी प्रकाशाची लाट जागीच थिजलेली दिसायला हवी. पण तशी थिजलेली लाट कुणी कधी पाहिली नव्हती, आणि विजेच्या शास्त्रातही ती बसत नव्हती. हा प्रश्न त्याने दहा वर्षे मनात बाळगला.

झुरिकची पदवी हाती आली, तरी दोन वर्षे पक्की नोकरी मिळाली नाही. शिकवण्या करून दिवस काढले. अखेर १९०२ साली बर्नच्या पेटंट कचेरीत तिसऱ्या वर्गाची जागा मिळाली. तिथेच पुढे त्यांचा जुना मित्र मिकेले बेसो नोकरीला लागला. दोघे कचेरीतून बोलत बोलत घरी जात. १९०५ च्या मे महिन्यात एके दिवशी आइन्स्टाइन यांनी सगळी अडचण बेसोपुढे मांडली, खूप वाद घातला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन कोडे सुटल्याचे सांगितले. चूक प्रकाशाची नव्हती. काळाकडे पाहण्याच्या आपल्या रीतीची होती.

ती कशी, हे नीट समजून घ्या. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. तुम्ही उभे असा की धावत असा, तो तुम्हाला तेवढाच मोजता येतो. आता एका वेगवान यानात वर एक व खाली एक असे दोन आरसे आहेत आणि त्यांच्यामध्ये प्रकाशाचा ठिपका वरखाली जातो, अशी कल्पना करा. प्रत्येक फेरी म्हणजे घड्याळाची एक टिकटिक. यानातल्या माणसाला ठिपका सरळ वरखाली जाताना दिसतो. बाहेर उभ्या असलेल्याला तो तिरका जाताना दिसतो, कारण यान मध्येच पुढे सरकते. तिरकी वाट लांब, वेग मात्र तोच, म्हणून फेरीला वेळ जास्त. बाहेरच्याच्या हिशेबाने यानातले घड्याळ सावकाश चालते. घड्याळच नव्हे, आतल्या माणसाचे वयसुद्धा. प्रकाशाच्या वेगाच्या ८० टक्के वेगाने यान गेले, तर पृथ्वीवरच्या दहा वर्षांत त्यात सहाच वर्षे सरतात.

मग प्रकाशाला मागे टाकता येईल का? वेग वाढवावा तशी लागणारी ऊर्जा वाढतच जाते, आणि तो वेग गाठायला कितीही ऊर्जा पुरत नाही. शिवाय प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जाऊ लागला, तर कुणाच्या तरी घड्याळाप्रमाणे पत्र लिहिण्याआधीच त्याचे उत्तर येऊन पडेल! २०११ साली युरोपातल्या शास्त्रज्ञांना न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्यासारखे दिसले. जगभर गाजावाजा झाला. शेवटी एक केबल नीट बसलेली नव्हती असे निघाले.

काळ मंदावतो याचा पुरावा पुढे मिळाला. ब्रुनो रॉस्सी हे इटलीतले प्राध्यापक. यहुदी म्हणून १९३८ मध्ये त्यांची जागा गेली आणि ते अमेरिकेत आले. आकाशातून येणारे म्युऑन कण सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतात. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साधारण ६६० मीटरच जातो. तरीही ते कित्येक किलोमीटर खाली पोहोचतात. जास्त वेगाचे म्युऑन जास्त जगतात, हे रॉस्सी व त्यांच्या सहकाऱ्याने १९४१ मध्ये मोजून दाखवले.

आइन्स्टाइन यांचा तो लेख ३० जून १९०५ रोजी मासिकाच्या कचेरीत पोहोचला. त्यात एकाही आधीच्या ग्रंथाचा हवाला नाही; शेवटी आभार आहेत ते फक्त बेसोचे. नोबेल पारितोषिक मिळाले, पण या कामासाठी नव्हे.

फेब्रुवारी १९२३ मध्ये ते यरुशलाईमला आले आणि स्कोपस टेकडीवर याच विषयावर बोलले. सुरुवात हिब्रूत केली, मग फ्रेंचवर आले. उतारवयात उल्पानच्या बाकावर बसलेल्यांना यात दिलासा वाटावा! हिटलर सत्तेवर आल्यावर ते जर्मनीला परत गेले नाहीत, प्रिन्स्टनला राहिले. १९५२ मध्ये इस्राएलचे राष्ट्राध्यक्षपद देऊ केले गेले, ते त्यांनी नम्रपणे नाकारले.

मार्च १९५५ मध्ये बेसो वारले. त्यांच्या घरच्यांना आइन्स्टाइन यांनी सांत्वनाचे पत्र लिहिले. मित्र थोडा आधी गेला एवढेच. भूत, वर्तमान आणि भविष्य हा भेद भौतिकशास्त्र मानणाऱ्यांना फारसा खरा वाटत नाही, अशा आशयाचे ते होते. चार आठवड्यांनी, १८ एप्रिलला, ते स्वतः गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले. कबर कुठेच नाही. कागदपत्रे मात्र मृत्युपत्राप्रमाणे यरुशलाईमच्या हिब्रू विद्यापीठाला मिळाली.