कॅरेसाहेब आणि त्यांचे पंडित

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली. तरी एका परक्या माणसाची हकिकत सांगावीशी वाटते.

विल्यम कॅरे मूळचे इंग्लंडातले, जोडे शिवणारे. 1793 साली मिशनरी होऊन ते सहकुटुंब बंगालमध्ये आले. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर दगावला. पत्नीच्या मनाचा तोल गेला. त्या माउलीचे काय झाले असेल, ते आपल्यालाच कळेल! कॅरे मात्र खचले नाहीत. 1801 पासून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकवू लागले. त्यांत पुढे आपली मराठीही आली. मराठी मुलूख तर कितीतरी दूर! तेव्हा कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ यांनी त्यांना हात दिला. 1805 साली कॅरे यांचे मराठी व्याकरण छापून निघाले, 1810 साली कोश झाला. व्याकरणाच्या प्रस्तावनेत त्यांनी पंडितांचे ऋण नाव घेऊन मानले. मायदेशी ते परतलेच नाहीत. 1834 साली बंगालमधील श्रीरामपुरास वारले.

मदत सगळेच घेतात, नाव थोडेच घेतात. आपल्या मंडळात सतरंज्या घालणाऱ्या, चहाची भांडी घासणाऱ्या बायकांचीही नावे या स्मरणिकेत छापावीत, एवढीच माझी विनंती.