मॅट बस्बी

सर अलेक्झांडर मॅथ्यू बस्बी (२६ मे, १९०९ – २० जानेवारी, १९९४) हे स्कॉटिश फुटबॉल खेळाडू आणि मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचे व्यवस्थापक होते. तयार खेळाडू विकत घेण्यावरच भिस्त न ठेवता शाळकरी वयातील मुले हेरून त्यांना क्लबमध्येच घडवावे, हे धोरण त्यांनी सुमारे पाव शतक राबवले. इ.स. १९५८ मधील म्युनिक विमान अपघातात त्यांचा तरुण संघ उद्ध्वस्त झाला. त्यानंतर दहा वर्षांनी त्यांच्याच नव्या संघाने युरोपियन चषक जिंकला.

बालपण

बस्बी यांचा जन्म स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात बेल्सहिलजवळच्या ऑर्बिस्टन या खाणकामगारांच्या वस्तीत झाला. त्यांचे वडील खाणकामगार होते. पहिल्या महायुद्धात, इ.स. १९१७ मध्ये, आरासच्या लढाईत ते मारले गेले, तेव्हा बस्बी अवघ्या सात वर्षांचे होते. तरुणपणी बस्बी यांनीही काही काळ खाणीत काम केले.

खेळाडू म्हणून कारकीर्द

इ.स. १९२८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मँचेस्टर सिटी क्लबमध्ये दाखल झाले. इ.स. १९३४ मध्ये एफ.ए. चषक जिंकणाऱ्या सिटी संघात त्यांचा समावेश होता. इ.स. १९३६ मध्ये लिव्हरपूल क्लबने त्यांना ८,००० पौंडांना विकत घेतले.

दुसऱ्या महायुद्धात नियमित लीग स्पर्धा बंद पडल्या. खेळाडू सैन्यात भरती होऊन ठिकठिकाणी विखुरल्यामुळे त्यांना नेमणुकीजवळच्या क्लबकडून ‘पाहुणा खेळाडू’ म्हणून खेळण्याची मुभा मिळाली. बस्बी अशा रीतीने चेल्सी, मिडल्सब्रो, रीडिंग, हायबर्नियन आदी क्लबांकडून खेळले. मूळ क्लबशी असलेले नाते कायम ठेवून काही काळ दुसरीकडे खेळण्याची ही सोय आजच्या लोन पद्धतीशी मिळतीजुळती होती.

युवा संघांची उभारणी

इ.स. १९४५ मध्ये बस्बी मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक झाले. संघनिवड, प्रशिक्षण आणि खेळाडूंची खरेदी-विक्री यांवर आपलाच अधिकार राहील, अशी त्यांची अट होती. क्लबचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते. इ.स. १९४९ पर्यंत युनायटेडला आपले सामने सिटीच्या मैदानावर खेळावे लागले. तरीही संघाने इ.स. १९४८ मध्ये एफ.ए. चषक आणि इ.स. १९५२ मध्ये, ४१ वर्षांच्या खंडानंतर, लीगचे विजेतेपद मिळवले.

मुलांसाठीच्या संघाचा पाया क्लबचे अध्यक्ष जेम्स गिब्सन आणि सचिव वॉल्टर क्रिकमर यांनी इ.स. १९३८ मध्येच घातला होता. बस्बी यांनी त्यावर संपूर्ण व्यवस्था उभी केली. जो आर्मस्ट्राँग गुणी मुले शोधत, तर सहायक जिमी मर्फी आणि प्रशिक्षक बर्ट व्हॅली त्यांना शिकवीत. बाहेरगावच्या मुलांची राहण्याची सोय शहरातील कुटुंबांकडे केली जाई. मुलगा कनिष्ठ संघांतून राखीव संघात आणि तेथून मुख्य संघात अशी पायरी-पायरीने प्रगती करी. इ.स. १९५२-५३ च्या हंगामात सुरू झालेला एफ.ए. युवा चषक युनायटेडने पहिली सलग पाच वर्षे जिंकला. डंकन एडवर्ड्‌स सोळाव्या वर्षीच मुख्य संघातून खेळला. इ.स. १९५६ आणि १९५७ मध्ये लीग जिंकणाऱ्या संघात टॉमी टेलर, जॉनी बेरी, रे वूड असे मोजकेच खेळाडू विकत घेतलेले होते. वृत्तपत्रांनी या संघाला ‘बस्बी बेब्ज’ असे नाव दिले.

आज मोठे क्लब तरुण खेळाडूंना सामन्यांचा सराव मिळावा म्हणून हंगामापुरते दुसऱ्या, बहुधा लहान, क्लबांकडे लोनवर पाठवतात. बस्बी यांच्या क्लबात हे काम दुय्यम संघच करीत. त्यामुळे मुलगा सतत प्रशिक्षकांच्या नजरेसमोर राही आणि एकाच पद्धतीचा खेळ शिके. मात्र मुख्य संघात जागा रिकामी होईपर्यंत त्याला थांबावे लागे. कर्णधार रॉजर बर्न यांच्या जागी पर्यायी खेळाडू असलेल्या जेफ बेंट यांना लीगचे केवळ १२ सामने खेळायला मिळाले.

म्युनिक विमान अपघात

इंग्लिश फुटबॉल लीगचा विरोध असतानाही बस्बी यांनी इ.स. १९५६ पासून संघाला युरोपियन चषक स्पर्धेत उतरवले. ६ फेब्रुवारी, १९५८ रोजी बेलग्रेडहून परतताना म्युनिक येथे संघाचे विमान उड्डाणाच्या तिसऱ्या प्रयत्नात कोसळले. एकूण २३ जण मरण पावले. त्यांत आठ खेळाडू होते. बर्न यांच्या दुखापतीमुळे केवळ खबरदारी म्हणून बरोबर नेलेले बेंट, तसेच क्रिकमर आणि व्हॅली हेही मृतांत होते. एडवर्ड्‌स यांचा पंधरा दिवसांनी वयाच्या २१व्या वर्षी मृत्यू झाला. स्वतः बस्बी अनेक आठवडे अत्यवस्थ होते. या मुलांना युरोपात नेण्याचा निर्णय आपला होता, ही टोचणी त्यांना दीर्घकाळ लागून राहिली. फुटबॉल सोडण्याच्या विचारापासून पत्नी जीन यांनी त्यांना परावृत्त केले.

वेल्सच्या राष्ट्रीय संघाच्या कामामुळे मर्फी त्या प्रवासात नव्हते. त्यांनी राखीव व युवा संघांतील मुले आणि तातडीने विकत घेतलेले दोन खेळाडू यांच्या आधारे क्लब सावरला. बिशप ऑकलंड या हौशी क्लबने आपले तीन खेळाडू युनायटेडच्या राखीव संघाला मदतीसाठी दिले. त्यांपैकी वॉरन ब्रॅडली हे पेशाने शिक्षक होते. पुढे ते युनायटेडच्या मुख्य संघातून आणि इंग्लंडकडूनही खेळले. त्याच हंगामात युनायटेडने एफ.ए. चषकाची अंतिम फेरी गाठली.

पुनरुभारणी आणि उत्तरायुष्य

बस्बी यांनी डेनिस लॉ, पॅट क्रेरँड यांसारखे खेळाडू विकत घेतले, तरी युवा संघांकडे दुर्लक्ष केले नाही. जॉर्ज बेस्ट यांचा समावेश असलेल्या संघाने इ.स. १९६४ मध्ये पुन्हा युवा चषक जिंकला. इ.स. १९६५ आणि १९६७ मध्ये युनायटेडने लीग जिंकली. २९ मे, १९६८ रोजी वेम्ब्ली येथे बेनफिकाचा ४–१ असा पराभव करून युरोपियन चषक जिंकणारा युनायटेड हा पहिला इंग्लिश क्लब ठरला. त्या दिवशीच्या अकरा जणांपैकी बहुतेक क्लबमध्येच घडलेले होते. बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स हे तर म्युनिक अपघातातून वाचलेले होते. त्याच वर्षी बस्बी यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

इ.स. १९६९ मध्ये ते पदावरून निवृत्त झाले. त्यांच्याच युवा संघात घडलेले विल्फ मॅकगिनेस त्यांच्या जागी आले, परंतु संघातील प्रमुख खेळाडूंचे वय वाढत होते आणि त्यांची जागा घेणारी पिढी पुरेशी तयार नव्हती. डिसेंबर १९७० ते जून १९७१ या काळात बस्बी यांना पुन्हा धुरा सांभाळावी लागली. इ.स. १९७४ मध्ये युनायटेडची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. युवा खेळाडू घडवण्याच्या कामात सातत्य नसेल तर यशस्वी क्लबही मागे पडतो, हे त्या काळाने दाखवून दिले.

इ.स. १९९४ मध्ये वयाच्या ८४व्या वर्षी बस्बी यांचे निधन झाले. ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव असून मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे.