सही गिरवून घेणारी शिक्षिका : सेप्टिमा क्लार्क

अमेरिकेच्या अनेक राज्यांत मतदार आता केंद्रावर न जाता टपालाने मत देतात. मतपत्रिका पाकिटात घालायची, पाकीट बंद करायचे, त्यावर सही करायची आणि पाठवून द्यायचे, एवढेच मतदाराचे काम. पुढे निवडणूक कार्यालयात ती सही नोंदणीतील सहीशी ताडून पाहिली जाते. जुळली तर मत मोजले जाते. जुळली नाही आणि मतदाराने मुदतीत खुलासा केला नाही तर ते बाद ठरते. वॉशिंग्टन राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० च्या सार्वत्रिक निवडणुकीतील अशा बाद मतांची छाननी करून २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय मतदारांच्या मतपत्रिका श्वेतवर्णीयांच्या चौपट प्रमाणात नाकारल्या गेल्याचे त्यात दिसून आले. सह्या तपासणाऱ्यांनी जाणूनबुजून पक्षपात केल्याचा पुरावा मात्र आढळला नाही. कोणाचा हेतू वाईट नसतानाही एका समाजाची सही दुसऱ्या समाजाच्या सहीपेक्षा अधिक वेळा संशयास्पद ठरते, ही गोष्ट विचारात पाडणारी आहे.

सही आणि मत यांचे हे नाते अमेरिकेत जुने आहे. ज्या काळी सही येत नाही म्हणून हजारोंना मतदार यादीबाहेर ठेवले जात होते, त्या काळी त्यांचा हात धरून सही गिरवून घेण्यात एका शिक्षिकेने आपले आयुष्य वेचले. तिचे नाव सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क.

शाळेबाहेर थांबणाऱ्याची मुलगी

सेप्टिमा यांचा जन्म ३ मे १८९८ रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन या बंदराच्या शहरी झाला. वडील पीटर पॉइन्सेट गुलामगिरीत जन्मलेले. नाताळात घरोघरी दिसणाऱ्या लाल पानांच्या पॉइन्सेटिया या झाडाला ज्यांचे नाव आहे, त्या जोएल पॉइन्सेट यांच्या मळ्यावरचे ते गुलाम. मालकाच्या मुलांना शाळेत पोहोचवायचे आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर थांबायचे, हे त्यांच्याकडे असलेले एक काम. ज्या दारापर्यंत रोज जायचे त्या दाराच्या आत त्यांना प्रवेश नव्हता. आई व्हिक्टोरिया हैतीमध्ये वाढलेल्या, करारी आणि मानी. लोकांचे कपडे धुऊन त्यांनी संसार चालवला, पण कोणाच्या घरी मोलकरीण म्हणून राबायचे त्यांनी आयुष्यभर टाळले. वडिलांची सोशिकता आणि आईचा ताठ कणा हे दोन्ही वारसे मुलीकडे आले.

एव्हरी नॉर्मल इन्स्टिट्यूट या संस्थेतून १९१६ मध्ये सेप्टिमा शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. परंतु चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना नेमले जात नसे. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांतही शिक्षक श्वेतवर्णीयच असत. म्हणून अठरा वर्षांच्या या मुलीने शहराजवळच्या जॉन्स आयलंड बेटावरील शाळा पत्करली. तेव्हा बेटावर जायला पूल नव्हता, होडीने जावे लागे. शाळेत १३२ मुले आणि दोन शिक्षिका. समोरच्या श्वेतवर्णीयांच्या शाळेत मुले होती तीन. मुख्याध्यापिकेचे काम सांभाळूनही सेप्टिमा यांचे वेतन ३५ डॉलर होते, तर समोरच्या शिक्षिकेचे ८५.

दिवसा मुलांना शिकवून झाले की संध्याकाळी मोठी माणसे येत. कोणाला धर्मग्रंथ वाचायचा असे, कोणाला मंडळाच्या सभेत बोलता यायला हवे असे. पाट्यापुस्तके नव्हती, तेव्हा सेप्टिमा कागदी पिशव्यांवर धडे लिहीत. त्या धड्यांत बेटावरचेच जगणे असे. पुढे चाळीस वर्षांनी जे उभे राहिले, त्याचा पाया या संध्याकाळच्या वर्गांत घातला गेला.

दहा हजार सह्या

१९१९ मध्ये त्या चार्ल्स्टनला परतल्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या कामात उतरल्या. शहरातील शाळांत आपल्या शिक्षकांची नेमणूक व्हावी या मागणीसाठी सह्यांची मोहीम सुरू झाली होती. कष्टकरी कृष्णवर्णीयांना असले काही नको आहे, ही मागणी मूठभर शिकलेल्यांची आहे, असा विरोधकांचा दावा होता. तो खोडून काढायचा तर स्वयंपाकिणी, धोबिणी आणि मजूर यांच्याच सह्या हव्या होत्या. सेप्टिमा दारोदार फिरल्या. सुमारे दहा हजार सह्या जमल्या आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलला. सामान्य माणसाच्या सहीत किती बळ असते, हे त्यांनी पहिल्यांदा अनुभवले ते इथे.

याच सुमारास त्यांनी नौदलात आचारी असलेल्या नेरी क्लार्क यांच्याशी विवाह केला. संसारसुख मात्र थोडेच लाभले. पहिली मुलगी जन्मानंतर महिन्याभरातच गेली. मुलगा झाला त्याच वर्षी, १९२५ मध्ये, पतीचे मूत्रपिंडाच्या विकाराने निधन झाले. तुटपुंज्या पगारात मुलाचे संगोपन होईना, तेव्हा त्याला सासूसासऱ्यांकडे ठेवून त्या नोकरीसाठी कोलंबिया या राजधानीच्या शहरी गेल्या. तिथे त्या सुमारे अठरा वर्षे राहिल्या. नोकरी करता करता त्यांनी १९४२ मध्ये पदवी आणि १९४६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. कृष्णवर्णीय शिक्षकांना समान वेतन मिळावे म्हणून झालेल्या न्यायालयीन लढ्यात त्यांनी थर्गुड मार्शल यांना साहाय्य केले. हा लढा जिंकल्यावर त्यांचे स्वतःचे वेतन जवळजवळ तिप्पट झाले.

कोलंबियातच त्यांना आणखी एक धडा मिळाला. जवळच्या लष्करी छावणीत निरक्षर कृष्णवर्णीय सैनिकांसाठी साक्षरता वर्ग चालत. पगारपत्रकावर फुली मारण्याऐवजी स्वतःचे नाव लिहिता यावे, हे त्यांचे पहिले उद्दिष्ट. आपल्याकडच्या कागदपत्रांवरील निशाणी डावा अंगठा जे सांगत असे, तेच ती फुली सांगत असे. फुलीच्या जागी नाव आले की माणसाची चालण्याबोलण्याची रीत कशी बदलते, हे सेप्टिमा यांनी जवळून पाहिले.

नोकरी गेली

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत मतदानाचा प्रश्न ऐरणीवर आला. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक केवळ श्वेतवर्णीयांसाठी राखलेली होती. १९४७ मध्ये न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांनी ती सर्वांना खुली केली. तरीही नोंदणीच्या दारावर अडसर राहिलाच. नाव नोंदवायचे तर राज्यघटनेचा उतारा निबंधकासमोर वाचून दाखवावा लागे आणि सही करावी लागे. ज्यांच्या मुलाबाळांना पिढ्यान्‌पिढ्या नीट शाळाच दिली नव्हती, त्यांच्याकडून वाचनाची परीक्षा घेतली जाई. नियमात वंशाचा उल्लेख कोठेही नव्हता, तसे करण्याची गरजही नव्हती.

१९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरल्यावर श्वेतवर्णीय सत्ताधारी अधिकच बिथरले. एनएएसीपीच्या सभासदाला सरकारी नोकरी करता येणार नाही, असा कायदा राज्याने १९५६ मध्ये केला. अनेकांनी सभासदत्व लपवले. सेप्टिमा यांनी ते लपवण्यास नकार दिला. चाळीस वर्षांची नोकरी गेली, तिच्याबरोबर निवृत्तिवेतनही गेले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते. त्यांनी राज्यातील ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे लिहून या कायद्याविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन केले. उत्तरे आली २६ आणि अधिकाऱ्यांना भेटायला प्रत्यक्ष आले पाच जण. हे आपले मोठे अपयश असल्याचे सेप्टिमा मानत. लोकांची तयारी होण्याआधीच त्यांना पुढे ढकलण्याची चूक आपण केली, असे त्यांचे मत झाले. ही चूक त्यांनी पुन्हा केली नाही.

दुकानामागचा वर्ग

टेनेसी राज्यातील डोंगराळ भागात माइल्स हॉर्टन यांनी चालवलेले हायलँडर फोक स्कूल ही त्या काळी दोन्ही वर्णांची माणसे एकत्र बसून शिकू शकत अशी विरळा जागा होती. सेप्टिमा तेथे १९५४ पासून जात होत्या. १९५५ च्या उन्हाळ्यात त्यांनी घेतलेल्या शिबिरात माँटगोमेरीहून आलेल्या अबोल स्वभावाच्या रोझा पार्क्स होत्या. काही महिन्यांतच बसमधील आसन सोडण्यास नकार देऊन त्यांनी इतिहास घडवला. नोकरी गेल्यावर हॉर्टन यांनी सेप्टिमा यांना कार्यशाळांचे प्रमुखपद दिले.

जॉन्स आयलंडवरून कामगारांना बसने चार्ल्स्टनला नेणारे ईसॉ जेन्किन्स प्रवासातच लोकांकडून घटनेचा उतारा पाठ करून घेत. अॅलिस वाइन नावाच्या एका प्रवासी स्त्रीने पाठांतराच्या बळावर नोंदणीही केली, पण तिला खरोखर वाचता यायला हवे होते. जेन्किन्स यांनी शाळेची मागणी केली. हायलँडरने दिलेल्या कर्जातून एक जुनी इमारत घेतली गेली. दर्शनी भागात सहकारी किराणा दुकान थाटले गेले आणि मागच्या खोल्यांत वर्ग भरू लागला. मागच्या खोल्यांना खिडक्या नव्हत्या, त्यामुळे आत काय चालते ते बाहेरच्यांना कळत नसे.

शिक्षिका म्हणून सेप्टिमा यांनी मुद्दाम व्यावसायिक शिक्षक निवडला नाही. त्यांच्याच नात्यातील बर्नीस रॉबिन्सन केशरचनेचा व्यवसाय करीत. त्यांचे सारे ग्राहक कृष्णवर्णीय असल्याने त्यांना कामावरून काढणारा कोणी मालक नव्हता, आणि प्रौढांना लहान मुलांसारखे वागवण्याची सवयही त्यांना नव्हती. ७ जानेवारी १९५७ रोजी, शेतीची कामे थंडावलेली असताना, पहिला वर्ग भरला. चौदा विद्यार्थी होते, दहा स्त्रिया आणि चार पुरुष. तुम्हाला काय शिकायचे आहे, हा पहिला प्रश्न बर्नीस यांनी त्यांनाच विचारला. कोणाला स्वतःचे नाव लिहायचे होते, कोणाला मनीऑर्डरचा अर्ज भरायचा होता, कोणाला मुलांची पत्रे वाचायची होती. अभ्यासक्रम त्यातूनच ठरला.

सही शिकवण्याची पद्धत अगदी साधी होती. पुठ्ठ्यावर विद्यार्थ्याचे नाव मोठ्या, जोडलेल्या अक्षरांत लिहून द्यायचे आणि त्यावरून हात फिरवत राहायचे. मराठी घरात पाटीवर अक्षर गिरवताना बोटांना जे कळते, तेच इथे साठीसत्तरीच्या शेतमजुरांच्या बोटांना कळू लागले. आयुष्यभर नांगर आणि कुदळ धरलेल्या मुठीत पेन्सिली मोडत. मोडलेली बाजूला ठेवून दुसरी दिली जाई. पुन्हापुन्हा गिरवता गिरवता पुठ्ठ्याची गरज संपे आणि एके दिवशी कोऱ्या कागदावर नाव उमटे. मग घटनेचा उतारा, मग नोंदणीचा अर्ज, मग निबंधकाची पायरी. जवळपासच्या बेटांवरही अशा वर्गांची मागणी होऊ लागली.

दहा हजार शिक्षक

सत्ताधाऱ्यांच्या नजरेतून हे सुटले नाही. ३१ जुलै १९५९ च्या रात्री पोलिसांनी हायलँडरवर छापा घातला आणि अवैध मद्यविक्रीच्या आरोपाखाली सेप्टिमा यांना अटक केली. आयुष्यात मद्याला न शिवलेल्या या बाईंवरचा आरोप पुढे टिकला नाही. संस्थेची मान्यता मात्र राज्याने रद्द केली. तोवर वर्गांची जबाबदारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एससीएलसी या संघटनेकडे सोपवली गेली होती. जॉर्जिया राज्यातील डॉर्चेस्टर केंद्रात सेप्टिमा क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग या तिघांनी शिक्षक घडवायला सुरुवात केली. गावोगावचे शेतकरी, स्वयंपाकिणी आणि शिवणकाम करणाऱ्या बाया तेथे येत, काही दिवस राहून शिकत आणि परत जाऊन आपापल्या भागात वर्ग सुरू करत. मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर यांनीही तेथेच प्रशिक्षण घेतले. १९५७ ते १९७० या काळात ८९७ नागरिकत्व शाळा चालल्या आणि सुमारे दहा हजार शिक्षक तयार झाले.

संघटनेतला मान मात्र वाट्याला उशिरा आला. कार्यकारिणीत बाईमाणूस कशासाठी, असा प्रश्न तेथे उघडपणे विचारला जाई. प्रत्येक मोर्चाचे नेतृत्व स्वतः न करता गावोगावी नवे नेते घडू द्यावेत, असे त्यांनी किंग यांना पत्राने सुचवले, तेव्हा ते पत्र बैठकीत वाचले गेले आणि सभासद हसले. सेप्टिमा यांनी टीका केली, पण काम सोडले नाही. किंग यांच्याविषयीचा आदरही कमी होऊ दिला नाही.

१९६५ च्या उन्हाळ्यात त्या अलाबामातील सेल्मा येथे होत्या. मोर्चे आणि रक्तपात यांमुळे सेल्माचे नाव जगभर झाले होते. सेप्टिमा मात्र तेथे स्थानिक लोकांना मानधन देऊन सकाळचे वर्ग चालवत होत्या. नोंदणीसाठी जोडाक्षरी सही लागे, म्हणून सही शिकवायची. मे ते ऑगस्ट या महिन्यांत सात हजारांहून अधिक लोक सही करायला शिकले. ६ ऑगस्ट रोजी मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, तेव्हा ही माणसे तयार होती.

परतफेड

१९७० मध्ये निवृत्त होऊन सेप्टिमा चार्ल्स्टनला परतल्या. ज्या शिक्षण व्यवस्थेने त्यांना घालवले होते, तिच्याच जिल्हा शाळा मंडळावर मतदारांनी त्यांना निवडून दिले. बडतर्फी अन्यायकारक होती हे राज्याने १९७६ मध्ये मान्य करून निवृत्तिवेतन पुन्हा सुरू केले. थकलेले वेतन मिळायला १९८१ उजाडले. त्यांच्या आत्मकथनाला १९८७ मध्ये अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाले आणि त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी जॉन्स आयलंडवर, जिथे त्यांनी अध्यापनाला प्रारंभ केला होता तेथेच, त्यांचे निधन झाले.

वाचनाची परीक्षा आज इतिहासजमा झाली आहे. पाकिटावरची सही मात्र राहिली आहे. म्हातारपणाने थरथरणारा, आजाराने अधू झालेला किंवा दुसऱ्या लिपीत घडलेला हात दर वेळी तीच सही काढील याची हमी नसते. म्हणूनच मत बाद करण्याआधी मतदाराला कळवून चूक दुरुस्त करण्याची संधी देणारे नियम अनेक राज्यांनी केले आहेत. ती सूचना प्रत्येकापर्यंत वेळेत पोहोचते का आणि ती समजेल अशा भाषेत असते का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. सेप्टिमा क्लार्क यांच्या वर्गात सही बिघडली की कोणाला घरी पाठवले जात नसे. पेन्सिल पुन्हा हातात दिली जाई आणि पुठ्ठा पुन्हा समोर ठेवला जाई.