नवी दृष्टी देणारे हॅरॉल्ड रिडले

इंग्लंडमध्ये १९०६ साली जन्मलेले रिडले नेत्रशल्यविशारद होते. त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंगच उरत नसे. जाड चष्मा जन्माचा सोबती होई. दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे तुकडे घुसले, पण डोळ्यांनी ते सोसले, हे रिडले यांनी पाहिले होते. पुढे शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, काढलेल्या भिंगाजागी दुसरे का बसवीत नाही? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पर्स्पेक्सचेच भिंग बसविले. मोठमोठ्या तज्ज्ञांनी अनेक वर्षे विरोध केला. रिडले डगमगले नाहीत. उतारवयात त्यांच्याही डोळ्यांत भिंग बसले. २००१ साली ते निवर्तले.

आज आमच्या खंडाळ्याकडील आजीबाई जाड चष्म्यावाचून बांधावरून चालतात. मित्रहो, वर्गात प्रश्न विचारायला लाजू नका!