अडीचशे सोडून पन्नास : धर्मानंद कोसंबी

वारंगा फाट्यावर आम्ही तरुणांसोबत बसतो तेव्हा बोलणे मोबाईल, गाडी आणि हप्त्यांवरच येते. एक हप्ता फिटत नाही तोच दुसरी हाव उभी. बुद्धांनी यालाच तृष्णा म्हटले. अशा वेळी आम्हाला धर्मानंद कोसंबी आठवतात.

१८७६ मध्ये गोव्यातील सांखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. धम्म समजून घेण्यासाठी १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले आणि १९०२ मध्ये श्रीलंकेत दीक्षा घेतली. मागे पत्नी बाळाबाई व लहान मुलगी होती. या शोधाची किंमत त्यांनीही मोजली, हे आपण विसरू नये.

पुढे कलकत्ता विद्यापीठातली महिना अडीचशे रुपयांची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे पन्नास रुपये पत्करले. कारण बुद्धविचार मराठी माणसापर्यंत न्यायचा होता. हार्वर्डमध्ये पाली ग्रंथांवर काम केलेला हा विद्वान १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. पुढे परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले.

तृष्णा सोडणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. शिष्यवृत्ती, जमीन, मजुरीसाठी आपण लढूच. पण दिखाव्याच्या हप्त्यांत आयुष्य गहाण टाकायचे नाही, एवढे तरी त्यांच्याकडून घेऊ. जय भीम!