रायगडाचे शिल्पकार हिरोजी इंदुलकर

महाडच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरांवर असलेला रायगड पूर्वी रायरी या नावाने ओळखला जाई. इ. स. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी तो जावळीच्या मोऱ्यांकडून घेतला व पुढे राजधानीसाठी निवडला. सुमारे २,७०० फूट उंचीच्या त्या डोंगरावर नगर उभारण्याचे अवघड काम हिरोजी इंदुलकर यांनी पार पाडले.

एवढ्या उंचीवर वस्ती टिकावयाची ती पाण्याच्या आधारे. म्हणून हिरोजींनी तलाव व विहिरी केल्या. महादरवाजा बुरुजांच्या आड असा बांधला की, शत्रूस तो जवळ येईपर्यंत दिसू नये. राजसभेत नगारखान्यापाशी हळू उच्चारलेला शब्दही सिंहासनाच्या जागी ऐकू येतो. याच सभेत ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला.

महाराजांनी बक्षीस मागण्यास सांगितले, तेव्हा हिरोजींनी जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर आपले नाव कोरण्याची अनुज्ञा तेवढी मागितली. दर्शनास येणाऱ्या स्वामींची पायधूळ त्यावर पडावी हा हेतू, अशी आख्यायिका आहे. मंदिरातील संस्कृत शिलालेखातही बांधणारा म्हणून त्यांचेच नाव आहे.

इ. स. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागून राजवाडे जळाले. मंदिर मात्र उभे आहे आणि पायरीवरील अक्षरेही टिकून आहेत. विद्यार्थिमित्रहो, गडावर जाल तेव्हा ती पायरी अवश्य पाहा. एवढे मोठे काम करूनही त्या पुरुषाने आपल्या नावासाठी किती खालची जागा निवडली, हे तेथे ध्यानी येईल.